शिकायला खेड्यात, पण शिकवायला कोण?

आशावादी : खेड्यात डॉक्टर टिकत नाहीत, यावर आपल्याला आजवर दोनच उपाय सुचले. धाक आणि पैसा. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर बंधपत्रित सेवा द्यायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. एमडी-एमएसला ५० लाख, त्याच्या वरच्या पदवीला २ कोटी. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांची ही बंधपत्रं उचलून धरली, म्हणजे धाक पुरेसा कायदेशीर आहे. तरीही केंद्र सरकारची २०२१-२२ ची ग्रामीण आरोग्य आकडेवारी काढून बघा. देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, जितके सर्जन हवेत त्यातले ८३.२ टक्के नाहीतच. बालरोगतज्ज्ञ ८१.६ टक्के नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के नाहीत. धाकाने आलेला दिवस मोजत बसतो आणि पैशासाठी आलेला दुसरीकडे जास्त मिळाले की उठतो. तिसरी गोष्ट आपण धड करूनच पाहिली नाही. त्याला तिथलं काम शिकवलं नाही. हजार-बाराशे खाटांच्या रुग्णालयात तीन वर्षं रेसिडेन्सी करणाऱ्या मुलाच्या हाकेच्या अंतरावर सगळं असतं. रक्तपेढी असते, भूलतज्ज्ञ असतो, अडलं तर रात्री दोनला फोन उचलणारा लेक्चरर असतो. त्याला उचलून तीस खाटांच्या रुग्णालयात एकटा ठेवला तर तो पळणारच. गैरसोयीपेक्षा तो आपल्या हातून माणूस जाईल याला जास्त भितो. आता कुठे नियम झालाय. २०२० पासून एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रेसिडेन्सी सक्तीची आहे. मला ती तीन महिन्यांवरून वर्षावर न्यायची आहे.

साशंक : गैरसोयीला कमी भितो, हे गळक्या क्वार्टरमध्ये दोन पावसाळे काढून बोला. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर दोघांना एका तालुक्यात जागा मिळत नाही. मुलाला शाळेत घालायची वेळ आली की निम्मे राजीनामे पडतात. पण तो मुद्दा सध्या बाजूला ठेवतो, कारण मला तुमच्या ‘आता कुठे’ या दोन शब्दांचीच गंमत वाटली. १९४६ साली भोर समितीने सांगितलं होतं की वैद्यकीय विद्यार्थ्याला तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं शिक्षण द्या, त्यातून ‘सामाजिक डॉक्टर’ घडेल. १९७५ ला श्रीवास्तव समितीने तेच पुन्हा सांगितलं. १९७७ ला ‘रोम’ योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यायची आणि विद्यार्थ्यांना तिथे न्यायचं. दर पिढीला वाटतं की विद्यार्थी खेड्यात पाठवायची कल्पना आपल्यालाच सुचली. आज इंटर्नशिपमधली सामुदायिक वैद्यकशास्त्राची पोस्टिंग म्हणजे काय, हे तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला ठाऊक आहे. मुलं तिकडे बसून पीजीच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवतात. आणि तुमची जिल्हा रेसिडेन्सी तरी खेड्यात कुठे होते? नियमात रुग्णालयाला आधी १०० खाटांची अट होती, नंतर ती ५० वर आली. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय त्यात बसतच नाही. मुलं जातात ती जिल्ह्याच्या गावी, सिव्हिलला. तिथे आधीच मनुष्यबळ कमी, म्हणून सिव्हिल सर्जन खूश होतात. आयते तीन महिन्यांचे हात मिळतात. ओपीडी उपसून घेतात आणि शेवटी लॉगबुकवर सही करतात. याला तुम्ही प्रशिक्षण म्हणा, मी बदली कामगार म्हणेन.

आशावादी : राबवणूक वाईट आहे, मान्य. पण त्यामुळे कारण खोटं ठरत नाही. शहरातलं मोठं रुग्णालय शिकायला अपुरं का पडतं ते बघा. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक साधा हिशोब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात त्यातली साडेसातशे कुठल्या ना कुठल्या दुखण्याची तक्रार करतात, अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ रुग्णालयात भरती होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पोचतो फक्त एक. हा हिशोब अमेरिका-इंग्लंडचा आहे, आपला आकडा वेगळा येईल, पण चाळण तीच. आपण डॉक्टरला त्या हजारातल्या एकावर शिकवतो आणि उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांकडे पाठवतो.

मण्यारचंच घ्या. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दात बारीक, सूज येत नाही, दुखत नाही, कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे तो पोट दुखतंय, घसा धरलाय म्हणत उठतो. पीएचसीत त्याला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं तर खेळ खलास. ज्याला कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवलंय तो डॉक्टर त्याच्या पापण्यांकडे बघतो, वर बघायला सांगतो, मान उचलायला सांगतो. घोणसचं वेगळं. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग कलती करून बघायची. गोठलं नसेल तर प्रतिविष सुरू करायचं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. शहरातल्या रेसिडेंटला हाच रुग्ण भेटतो तेव्हा तो व्हेंटिलेटरवर असतो, उशाला रेफरची चिठ्ठी आणि निदान आधीच लिहिलेलं. त्याने पहिला तास पाहिलेलाच नसतो. खेड्यातला डॉक्टर म्हणजे पहिल्या तासाचा डॉक्टर. पहिला तास जिथे घडतो तिथेच तो शिकवता येतो.

साशंक : पहिल्या तासाबद्दल बोलताच आहात तर माझ्या बंधपत्राच्या वर्षातला एक सांगतो. ग्रामीण रुग्णालय, रात्र, बाळंतपण नीट झालं, वार पडली आणि रक्त थांबेना. ऑक्सिटोसिन चालू होतं, मिसोप्रोस्टॉल दिलं, गर्भाशय हाताला मऊच्या मऊ. मी १०८ ला फोन लावत होतो. तोवर सिस्टरने फोलीज कॅथेटरच्या टोकावर कंडोम चढवून दोऱ्याने घट्ट बांधला आणि मला म्हणाल्या, सर, हा आत सरकवा, मी सलाइन सोडते. तीनेकशे मिली गेल्यावर रक्त मंदावलं. बाईला तसंच गाडीत घातलं, सिस्टर सोबत गेल्या, बाई वाचली. ही युक्ती ढाक्याच्या सायबा अख्तर या स्त्रीरोगतज्ज्ञांनी शोधलेली. मी ती वाचली होती, परीक्षेत लिहिलीही असती. केलेली कधी बघितली नव्हती, कारण आमच्या महाविद्यालयात अशी बाई दहा मिनिटांत थिएटरमध्ये जायची आणि पुढचं सीनियर बघायचे. आता तुम्ही म्हणाल, बघा, माझाच मुद्दा सिद्ध झाला. झाला. पण अर्धाच. मला शिकवणारी व्यक्ती तिथे हजर होती आणि तुमच्या एकाही नियमात तिला शिक्षक म्हणत नाहीत. तुमचा नियम प्राध्यापक मागतो, सहयोगी प्राध्यापक मागतो, त्यांचे शोधनिबंध मागतो. ते तिथे नाहीत. तुम्हीच मघाशी ८३ टक्के सांगितलेत. जिथे सर्जनच नाही तिथे सर्जरीचा विद्यार्थी कुणाकडून शिकणार?

आशावादी : म्हणून तर दोन्ही गोष्टी एकदम कराव्या लागतील. मला उलट वाटतं की विद्यार्थी आला की शिक्षक टिकतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये दोन वर्षांच्या आठ पदविका जाहीर केल्या. भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, कौटुंबिक वैद्यक वगैरे. त्या चालतात जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत आणि शिकवतात तिथलेच तज्ज्ञ. सिव्हिलमधल्या वीस वर्षं एकट्याने सीझर करून कंटाळलेल्या डॉक्टरला अचानक दोन विद्यार्थी मिळतात. तो पुन्हा पुस्तकं उघडतो. रात्रीची पहिली हाक विद्यार्थी घेतो, त्याला झोप मिळते. दुपारी केसवर चर्चा करायला माणूस मिळतो. खेड्यात डॉक्टरला एकटेपणा खातो तो या अर्थाने. बायको-मुलं जवळ असूनही आपल्या धंद्याचं बोलायला कोणी नसतं. रेसिडेन्सी हा एकटेपणावरचा उपाय आहे, तोही शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याच्या.

आणि खेड्यातलं काम बुद्धीला गंज चढवतं हा समज तर महाडच्या हिंमतराव बावस्करांनी कधीच मोडीत काढला. पीएचसीत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट जाताना त्यांनी पाहिली. रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात साचणारं पाणी, सगळं टिपलं. पुण्याला जाऊन एमडी केलं आणि परत महाडला आले. १९८२ साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. तो प्रश्न मुंबईच्या कुठल्याही वॉर्डात सुटला नसता, कारण मुंबईच्या वॉर्डात तो येतच नव्हता.

साशंक : येणार, हे नाव येणार याची मी वाटच बघत होतो. बावस्कर, हेमलकशाचे आमटे, बैरागडचे कोल्हे, शोधग्रामचे बंग, जामखेडचे आरोळे. महाराष्ट्राला ही नावं तोंडपाठ आहेत आणि मला ती आदरणीयच आहेत. पण यांतल्या कोणालाही कुठल्या रेसिडेन्सीने घडवलं नाही. ते गेले ते रेसिडेन्सी जे शिकवते त्याच्या विरुद्ध दिशेने गेले. अशी माणसं लाभली की समाज त्यांना पुरस्कार देऊन निवांत होतो आणि शेजारच्या तालुक्यातली रिकामी जागा तशीच राहते. सेवाभरतीचा नियम संतांवर लिहिता येत नाही. तो लिहायचा असतो सामान्य माणसावर, ज्याला गृहकर्ज आहे, आईचा गुडघा दुखतोय आणि शनिवारी सिनेमा बघायचाय.

शिवाय बंगांचं नाव निघालंच आहे तर त्यांचं म्हणणंही पूर्ण घ्या. १९९९ मध्ये त्यांनी गडचिरोलीच्या गावांतला निष्कर्ष मांडला. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी, न्यूमोनियाची पारख, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तिथे डॉक्टरची जागा भरली नाही. डॉक्टरशिवाय चालेल असं बरंच काम शोधून काढलं. तुम्ही रेसिडेन्सीवर खर्च करायला निघालात तो पैसा आशा आणि एएनएम यांच्या शिक्षणावर का करू नये?

आशावादी : कारण त्या बायकांना शिकवणारे दोन डॉक्टर तिथे वर्षानुवर्षं राहिले होते. ते एमडी होते आणि गावकऱ्यांच्या भाषेत बोलत होते. तुम्ही त्या प्रयोगातून डॉक्टर वजा करून बघा, काय उरतं? आणि आशाताई सीझर करू शकत नाही. फुटलेलं अपेंडिक्स, आडवं मूल, मण्यारने थांबलेला श्वास, इथे कोणीतरी हातात सुरी किंवा नळी घेणारं लागतंच.

संतांचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. म्हणूनच मी सामान्य माणसाबद्दल बोलतोय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडने २००७ च्या सुमारास ग्रामीण जनरलिस्ट नावाची वाट काढली. सामान्य वैद्यकाचं शिक्षण, त्यावर प्रसूती किंवा भूल अशा एखाद्या कामाचं जादा प्रशिक्षण, आणि दर्जा, पगार विशेषज्ञाच्या तोडीचा. त्यांनी त्या माणसाला ‘अर्धवट डॉक्टर’ म्हणवून घ्यायची लाज ठेवली नाही. आपल्याकडे एमबीबीएसवर थांबलेला मुलगा लग्नाच्या बाजारातही मागे पडतो. कौटुंबिक वैद्यकातली एमडी कोझिकोडच्या सरकारी महाविद्यालयात २०११-१२ च्या सुमारास सुरू झाली, पण आजही गुणवत्ता यादीतल्या वरच्या मुलाला विचारा, तो रेडिओलॉजी आणि त्वचारोग सोडून दुसरं बोलणार नाही. जे काम खेड्याला हवं त्या कामाची पदवीच आपण मानाची केली नाही.

साशंक : मानाची केली तरी ती घेणार कोण, हा प्रश्न राहतो. आणि इथे मला तुमच्या आवडत्या पुराव्याचं एक भोक दाखवायचंय. ज्यांनी ग्रामीण भागात प्रशिक्षण घेतलं ते पुढे ग्रामीण भागात जास्त काम करतात, असं जगभर दिसतं, कबूल. पण ते प्रशिक्षण आपणहून निवडणारे मुळातच तिकडे झुकलेले असतात. झुकलेल्या माणसाला तिकडे पाठवून तो झुकला असं म्हणण्यात काय अर्थ आहे? सक्तीने पाठवलेल्यांचंही तसंच होतं का, हे वेगळं विचारायला हवं.

आशावादी : मग झुकलेलीच निवडा! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत पहिली हीच होती की ग्रामीण पार्श्वभूमीची मुलं घ्या. जपानने तर १९७२ मध्ये जिची विद्यापीठ त्याचसाठी काढलं. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घ्यायची, फी नाही, आणि नंतर नऊ वर्षं आपल्याच प्रांतात काम.

साशंक : आपली ग्रामीण पार्श्वभूमीची मुलं कुठे भेटतात सांगू? लातुरात, नीटच्या क्लासला. बीड, नांदेड, धाराशिवमधल्या गावांतून आलेली. बापाने एखादा एकर विकलेला असतो, आई खोली घेऊन पोराबरोबर राहते. हुशार मुलं, कष्टाळू मुलं. त्यांना तुम्ही सांगणार की गावचे आहात म्हणून गावी परत जा? त्यांनी गाव सोडायला तर हा सगळा अट्टहास केला. शहरात वाढलेल्या मुलाला खेडं हा अनुभव असतो, या मुलांना ते सुटका करून घ्यायचं ठिकाण असतं. त्यांच्यावर परतीचं ओझं टाकणं हा मला अन्याय वाटतो. शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला कोणी विचारत नाही की बाबा, तू कुठलं ऋण फेडणार.

सेवाग्रामला निवडीचा एक वेगळा प्रयत्न होता. १९६९ साली सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या त्या महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा पेपर असायचा, पीजीच्या आधी ग्रामीण सेवेची अट असायची. देशभर एकच नीट आली आणि तो पेपर गेला. एकसारखी परीक्षा न्याय्य असते हे खरं. पण कल बघून माणूस निवडायची सोय तिने काढून घेतली. म्हणजे तुमची निवडही आता कागदावरच.

(दोघांच्या मध्ये माझी एक लुडबूड. मघापासून दोघंही डॉक्टर म्हणताहेत आणि दोघांच्या डोळ्यांपुढे एमबीबीएस किंवा त्यावरचा माणूस आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीत भरारी पथकाच्या गाडीतून जो उतरतो तो बहुधा बीएएमएस असतो, मानधनावर. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारीही बहुतेक तोच. गावातला खाजगी दवाखाना तर त्याचाच. तो टिकलेला आहे. त्याला कोणी रेसिडेन्सी देऊ केलेली नाही. चर्चा पुढे चालू द्या, पण हा माणूस खोलीत बसलेला आहे एवढं लक्षात असू द्या.)

आशावादी : ठीक आहे, मी माझं म्हणणं बदलतो. एकेका डॉक्टरला पाठवणं ही चूकच आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूल द्यायला कोणी नाही, तर ती फक्त रेफर लिहिते. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल शिकवायची योजना आपण काढली, बरीच मुलं शिकली आणि मग बदल्यांच्या यादीत एक इकडे, एक तिकडे. भूल शिकलेला जिथे, तिथे सीझर करणारा नाही. तेव्हा विद्यार्थी पाठवायचा नाही, तुकडी पाठवायची. तिसऱ्या वर्षाचे तीन रेसिडेंट, प्रसूतीचा, भुलेचा आणि बालरोगाचा. सहा महिने एकाच ग्रामीण रुग्णालयात. त्यांच्यावर एक सीनियर आळीपाळीने महाविद्यालयातून. तिघांच्या जागी पुढचे तिघं आले की मागचे परत. ते रुग्णालय त्या महाविद्यालयाचंच एक युनिट समजायचं, राउंड तिथेही होणार. आणि तुमच्या त्या सिस्टरना शिक्षक म्हणून मानधन, लॉगबुकवर त्यांचीही सही.

साशंक : सिस्टरच्या सहीसाठी तुम्हाला माझं अर्धं मत दिलं. आता उरलेलं अर्धं का देत नाही ते ऐका. दर सहा महिन्यांनी नवे चेहरे. बीपी-शुगरचा म्हातारा, टीबीची गोळी अर्ध्यात सोडलेला पोरगा, यांना डॉक्टर म्हणजे ओळखीचं माणूस लागतं. तुमच्या योजनेत खेड्याला कायम शिकाऊ मिळणार. गरिबाच्या अंगावर हात बसवून घ्यायचा आणि हात बसला की शहरात जायचं. ही जुनीच तक्रार आहे, तुम्ही तिला नवा जीआर देताय.

आशावादी : शहरातल्या सरकारी रुग्णालयातला गरीबही शिकाऊ हातांखालीच असतो. फरक इतकाच की तिथे शिकाऊ हातामागे सीनियर असतो. मी तोच खेड्यात न्यायचा म्हणतोय. आणि ओळखीच्या चेहऱ्याचं म्हणाल तर ती ओळख आशाताईची असते, एएनएमची असते, फाइलची असते. डॉक्टर चार वर्षांनी गेला तर तो नापास, हा हिशोब कोणी ठरवला? जागा कधी रिकामी राहिली नाही, एवढं मला पुरेल.

साशंक : जागा रिकामी राहणार नाही याची हमी कोण देणार? आपल्या राज्यात वैद्यकीय शिक्षण हे एक खातं आणि सार्वजनिक आरोग्य हे दुसरं. महाविद्यालय पहिल्याचं, ग्रामीण रुग्णालय दुसऱ्याचं. चंद्रपूर, गोंदिया, जळगाव, नंदुरबारला नवी महाविद्यालयं झाली, सिव्हिल त्यांना जोडलं, आणि कोणाची खाट, कोणाची खुर्ची, कोणाचा शिपाई यावर किती फाइली फिरतात ते तिथल्या कोणालाही विचारा. तुमची तुकडी या दोन खात्यांच्या मधल्या फटीत उभी राहणार. भुलेच्या रेसिडेंटला तापाने आठवडाभर रजा हवी. मंजूर कोण करणार, आणि त्या आठवड्यात सीझर कोणाच्या भरवशावर?

पण याहून अवघड गोष्ट पुढे आहे. तुम्ही मास्तर म्हणून नीट शिकवायचं म्हणता. नीट शिकवायला रक्तसाठा हवा, चालतं थिएटर हवं, पुरेशी बाळंतपणं हवीत, सीनियर हवा. हे जिथे आहे ते ठिकाण बरंचसं सावरलेलं असतं. म्हणजे तुमची चांगली रेसिडेन्सी जाईल उपजिल्हा रुग्णालयात, फार तर हमरस्त्यावरच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात. धडगाव, भामरागड, धारणीच्या आतल्या केंद्रांना ती शिवणार नाही, कारण तिथे शिकण्यासारखी स्थिती नाही. जिथे डॉक्टर सर्वांत जास्त हवा तिथे डॉक्टर घडवता येत नाही. याचं उत्तर तुमच्याकडे आहे?

आशावादी : पूर्ण नाही. पण असं बघा, रेसिडेन्सी गेली की त्या मागण्या अधिकृत होतात. आज ‘रक्त नाही’ हे वैद्यकीय अधिकाऱ्याचं रडगाणं ठरतं. उद्या रक्त नाही म्हणून मान्यता जाईल अशी नोटीस आली की खातं हलेल.

साशंक : तपासणीच्या आदल्या आठवड्यात कसं हलतं ते आपण दोघांनी पाहिलंय. शेजारच्या महाविद्यालयातून शिक्षक डेप्युटेशनवर येतात, खाटा भरतात, पंखे फिरतात. आता एक विचारतो, सरळ उत्तर द्या. तुमच्या तुकडीच्या हातात रात्री एक बाई गेली. महिन्याभराने जिल्हाधिकाऱ्यांपुढे मातामृत्यूचा आढावा बसतो. तिथे कोण उभं राहणार? तिसऱ्या वर्षाचा मुलगा की तुम्ही?

आशावादी : मी. तसं लिहून देईन.

साशंक : आणि तेवढं लिहून दिलंत की काय मागाल?

आशावादी : अधिकार मागेन. रक्त नसेल, भुलेचा रेसिडेंट नसेल, तर त्या दिवशी तिथे सीझर होणार नाही. महिनाभर ती स्थिती राहिली तर मी माझी मुलं परत बोलावीन. त्याशिवाय मला जबाबदारी घेता येणार नाही.

साशंक : म्हणजे जिथे सगळ्यात कठीण, तिथून तुम्ही सगळ्यात आधी निघणार. बंधपत्रवालाही तेच करतो, फक्त १० लाख भरून.

आशावादी : तो निघतो तेव्हा कोणाला कळवून निघत नाही. मी कारण लिहून निघेन आणि ते कारण दूर झालं की परत येईन. फरक आहे.

साशंक : त्या बाईच्या दृष्टीने?

आशावादी : तिच्या दृष्टीने नाही. पण तिथे काहीच नसताना मुलगा ठेवला तर तिच्या दृष्टीने तरी कुठे फरक पडतो?

साशंक : पडतो की नाही, ते सिस्टरना विचारावं लागेल. डॉक्टर असो-नसो, त्या रात्री तिथे असतातच. आणि तुमच्या किंवा माझ्या कुठल्याही योजनेसाठी त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.